बांधणारा एक, भरणारा दुसरा

नावात पर्वत आणि पायाखाली तापीच्या गाळाची सपाट जमीन, असा विरोधाभास सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटियाच्या वाट्याला आला आहे. पाटिया म्हणजे पाटी. हमरस्त्यावरून गावाकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गावाच्या नावाची पाटी असावयाची, एस.टी. तेथे थांबावयाची आणि त्या थांब्यालाच लोक अमुक गावाचे पाटिये म्हणावयाचे, ही दक्षिण गुजरातेतील जुनी रीत. पर्वत गावाची ती पाटी आज शहराच्या पोटात गडप झाली आहे. सहारा दरवाजाकडून सारोली-कडोदऱ्याकडे जाणारा रस्ता, कालव्याच्या बाजूने आलेला रस्ता आणि पुणा-कुंभारियाकडचा रस्ता यांच्या सान्निध्यात हा चौक आहे. कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो, रिक्षा, दुचाक्या, बसगाड्या आणि पायी चालणारी माणसे यांची तेथे सायंकाळी जी कोंडी होते, ती पाहिली म्हणजे शहराची भरभराट आणि शहराची दुर्दशा या दोन गोष्टी एकाच वेळी आणि एकाच जागी कशा नांदू शकतात, याचा प्रत्यय येतो.

या चौकापुढे आज जे दोन प्रश्न उभे आहेत, ते वरवर पाहता परस्परांशी संबंध नसलेले वाटतील. येथे जी व्यापारी संकुले उभी राहिली आणि राहत आहेत त्यांनी वीज किती खावी व ते ठरवावयाचे कोणी, हा पहिला प्रश्न. या संकुलांमुळे जी रहदारी निर्माण होते तिच्यासाठी रस्ते, पूल, बसगाड्या आणि मेट्रो उभारावयाची तर पैसा कोणी द्यावयाचा, हा दुसरा. पहिल्याची फाईल ऊर्जा खात्यात फिरते, दुसऱ्याची नगरविकास खात्यात. आमचे म्हणणे असे की, हे प्रश्न दोन नाहीत, एकच आहे. आणि त्याचे उत्तरही गांधीनगरच्या विधानसभेने एकत्रितपणेच द्यावयास हवे.

सुरतेच्या कापडबाजाराने प्रथम रिंग रोड धरला. तेथे जागा पुरेनाशी झाली तेव्हा तो सहारा दरवाजा ओलांडून पूर्वेकडे सरकला आणि पर्वत पाटिया, मगोब, सारोली, कुंभारिया असा पसरत गेला. शहराच्या वाढीचा वेगच असा की नियोजनकारांची लेखणी त्याच्यामागे धावता धावता थकावी. २००१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती ४४ लाखांच्या पुढे गेली. २००६ साली महानगरपालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर नेण्यात आली, आणि २०२० साली ती पुन्हा वाढविण्यात आली. पूर्वेस अंत्रोळी येथे मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचे सुरत स्थानक व्हावयाचे, म्हणजे शहराचा ओढा यापुढेही याच दिशेस राहणार.

या वाढीत मराठी माणसाचा वाटा लहान नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून दोन-तीन पिढ्यांपूर्वी पोटासाठी आलेले आमचे खानदेशी बांधव लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना या भागांत स्थायिक झाले. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग चालतात, ही गोष्टच त्यांच्या संख्येची साक्ष देण्यास पुरेशी आहे. यंत्रमागावर उभा राहणारा कारागीर, बाजारात ताके उचलणारा हमाल, गाळ्यावर साड्या उलगडून दाखविणारा विक्रेता, साडीला लेस लावणारी गृहिणी, टेम्पोचा चालक, अशा नाना रूपांनी हा समाज त्या बाजाराला बांधलेला आहे. त्यामुळे बाजाराची इमारत कशी बांधली जाते आणि बाजाराकडे जाणारा रस्ता कसा आहे, हा या समाजाच्या दृष्टीने तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय नसून रोजच्या घामाचा आणि रोजच्या वेळेचा विषय आहे.

प्रथम इमारतीचा विचार करू. व्यापारी संकुल बांधणारा बांधकाम व्यावसायिक ते स्वतः वापरण्यासाठी बांधीत नाही. गाळे विकून मोकळा होण्यासाठी बांधतो. भिंत किती जाडीची असावी, गच्चीवर उष्णतारोधक थर द्यावा की नाही, पश्चिमेच्या अंगास काच लावावी की छज्जा काढावा, हे सारे तो ठरवितो. त्यात त्याने काटकसर केली तर नफा त्याचा. परंतु त्या काटकसरीपायी वरच्या मजल्यावरचा गाळा वैशाखात भट्टीसारखा तापतो. मग तेथे वातानुकूलन यंत्र बसते आणि त्याचे बिल गाळेधारक वर्षानुवर्षे भरीत राहतो. ज्याला यंत्र परवडत नाही त्याचा नोकर पंख्याच्या गरम झोतात दिवस काढतो. त्या यंत्राने बाहेर फेकलेली उष्णता बोळातल्या हमालाच्या अंगावर येते. बांधणारा एक आणि भरणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. ज्या व्यवहारात निर्णय घेणाऱ्यास परिणाम भोगावा लागत नाही, तेथे बाजाराचे शहाणपण चालत नाही. तेथे कायद्यानेच मध्ये पडावे लागते.

कायदा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली केला आणि १ मार्च २००२ पासून तो अमलात आला. त्याच्या आधारे व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली प्रसिद्ध झाली आणि २०१७ साली ती सुधारण्यात आली. मूळ कायद्यात ही संहिता ५०० किलोवॅट इतका मोठा वीजभार असलेल्या इमारतींपुरती होती. २०१० च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. २०२२ साली संसदेने कायद्यात पुन्हा दुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या निवासी इमारतींनाही त्याच्या कक्षेत घेतले. ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मोकळीकही त्या दुरुस्तीने राज्यांना दिली. दिल्लीने आपल्या वाटणीचे काम केले आहे. तथापि या कायद्याची खरी किल्ली दिल्लीत नाही. संहिता स्थानिक हवामानास अनुसरून बदलून घ्यावयाची, अधिसूचित करावयाची आणि नगरपालिकांच्या बांधकाम नियमांत गोवून प्रत्यक्षात आणावयाची, हा भाग राज्य सरकारांचा. राजस्थान व ओडिशा यांनी २०११ साली आणि आंध्र प्रदेशाने २०१४ साली हे पाऊल उचलले. याचा अर्थ हे काम एखाद्या राज्याच्या शक्तीबाहेरचे आहे असे नाही. प्रश्न शक्तीचा नसून इच्छेचा आहे.

आणि इच्छा असली तरी सुरतेसारख्या शहरात एक व्यावहारिक अडचण आहे, तिचा उलगडा अगोदर व्हावयास हवा. संहिता इमारतीची भाषा बोलते. वीजमीटर मात्र गाळ्यागाळ्याला असतो. समजा, एका मार्केटात ५०० गाळे आहेत आणि प्रत्येकाचा वीजभार अवघा २ किलोवॅट आहे. एकेक गाळा पाहिला तर तो कायद्याच्या खिजगणतीतही येणार नाही. पण सारी इमारत एकत्र पाहिली तर भार १,००० किलोवॅट, म्हणजे मर्यादेच्या दहापट. अशा वेळी मोजावयाचे काय, गाळा की इमारत? न्यायाने पाहता इमारतच मोजली पाहिजे, कारण भिंत आणि छप्पर एकच आहे, नकाशा एकच मंजूर झाला आहे आणि बांधणाराही एकच आहे. राज्याने ही गोष्ट नियमावलीत निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवली नाही, तर कायदा काचेच्या मनोऱ्यातील कंपन्यांना लागू होईल आणि कापडबाजार त्यातून अलगद निसटून जाईल.

संहितेच्या मागण्या तरी कोणत्या? भिंत व छप्पर यांतून आत येणारी उष्णता अमुक प्रमाणाबाहेर नसावी. दर्शनी भिंतींत काचेचे प्रमाण मर्यादेत असावे. दिवे, पंपे, वातानुकूलन यंत्रे ठराविक कार्यक्षमतेची असावीत. २०१७ च्या संहितेत काचेचा भाग सर्वसाधारणपणे भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावा असे म्हटले आहे, आणि संहिता पाळणाऱ्या इमारतीने नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान २५ टक्के ऊर्जा वाचवावी अशी अपेक्षा आहे. यात अलौकिक असे काय आहे? ज्या कोकणी माणसाने जांभ्या दगडाची भिंत घातली, उतरते छप्पर पुढे ओढून पडवी केली आणि ऊन-पावसाला दाराबाहेरच थोपविले, त्याला कोणत्याही संहितेची गरज लागली नव्हती. सुरतेच्या जुन्या पेठांतही सूर्याकडे पाठ कशी करावी हे घरे बांधणाऱ्यांस ठाऊक होते. दमट, उष्ण किनाऱ्यावर काचेची पेटी उभी करून ती यंत्राने थंड करीत बसणे ही थंड देशांची नक्कल झाली. तिला प्रगती म्हणण्याची चूक आपण केली आहे.

नव्या पद्धतीनेही हे साधता येते याचा दाखला सुरतेतच आहे. खजोद येथील सुरत डायमंड बोर्स ही हिरे व्यापाऱ्यांची प्रचंड वास्तू १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. सहासष्ट लाख चौरस फुटांहून अधिक क्षेत्राच्या या इमारतीत थंड पाणी नळ्यांतून फिरवून गारवा निर्माण करण्याची योजना आहे. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांना जे परवडले ते कापडाच्या व्यापाऱ्यांना तसेच्या तसे परवडेल असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पांढऱ्या रंगाची गच्ची, जाड भिंत, खिडकीवरचा छज्जा आणि मोकळा वाऱ्याचा मार्ग यांना हिऱ्यांची मिळकत लागत नाही. ५०० गाळ्यांच्या त्याच काल्पनिक मार्केटात दर गाळ्याचे मासिक बिल ४,००० रुपये धरले आणि त्यात चौथा हिस्सा वाचला, तर वर्षाला ६० लाख रुपये गाळेधारकांच्या खिशात राहतील. ही बचत एकदाची नसून इमारत उभी आहे तोवरची आहे.

आता रस्त्याकडे वळू. सुरतेची बीआरटीएस २०१४ साली धावू लागली, आणि त्यामुळे बससाठी स्वतंत्र मार्गिका असू शकते हे लोकांना प्रथमच दिसले. तिच्यामागे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा पैसा होता. त्यानंतर आली मेट्रो. १८ जानेवारी २०२१ रोजी तिची पायाभरणी झाली. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली अशा दोन मार्गिकांचा मिळून सुमारे ४० किलोमीटरचा हा प्रकल्प असून त्याचा मंजूर खर्च १२,०२० कोटी रुपये आहे. यांपैकी भेसाण-सारोली ही मार्गिका संपूर्ण उन्नत असून ती रिंग रोडवरून अंजना फार्म, मॉडेल टाऊन, मगोब या मार्गाने सारोलीस पोहोचावयाची आहे, म्हणजे पर्वत पाटियाच्या अगदी अंगणातून. केंद्र व राज्य यांचे भांडवल तर आहेच. शिवाय फ्रान्सच्या विकाससंस्थेने २५ कोटी युरोचे आणि जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनेही मोठे कर्ज दिले आहे. कर्ज म्हटले की परतफेड आली. ती तिकिटातून होईल अशी आशा फारच थोड्या देशांत फळाला आलेली आहे. तिकीट स्वस्त ठेवले तर तोटा, महाग केले तर गाडी रिकामी, हे सार्वजनिक वाहतुकीचे जगभरचे गणित आहे.

मग उरलेला पैसा आणावयाचा कोठून? एकेकाळी सुरतेला जकात होती. २००७ साली गुजरात सरकारने महानगरपालिकांची जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात अनुदान देऊ केले. नाक्यावरच्या रांगा गेल्या, व्यापाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि ते योग्यही झाले. सरथाण्याला जकातनाका हे नाव तेवढे मागे राहिले. पण शहराच्या स्वतःच्या मिळकतीचा एक मोठा झरा आटला आणि शहराला राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागले, हेही तितकेच खरे. वाहनांवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो. त्या तिजोरीत एकदा गेलेला रुपया अमुक रस्त्यासाठी होता हे तिजोरीला आठवत नाही.

नेमक्या याच जागी इमारतीचा प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न एकमेकांस भेटतात. मेट्रोचा खांब जेथे उभा राहतो, त्याच्या आजूबाजूच्या जमिनीचा भाव चढतो. हा चढलेला भाव जमीनमालकाने कमावलेला नसतो. तो लोकांच्या पैशाने निर्माण झालेला असतो. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणाने राज्यांना हेच सांगितले की या वाढीव मूल्याचा काही भाग परत घ्या आणि त्यातून वाहतुकीचा खर्च भागवा. गुजरातेत त्याचे साधन तयारच आहे, ते म्हणजे सशुल्क चटईक्षेत्र. मूळ चटईक्षेत्रापेक्षा अधिक बांधकाम करावयाचे असेल तर जंत्रीच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, प्रमाणात पैसे भरावयाचे. अहमदाबादेत मेट्रो व बीआरटीएस यांच्या दोन्ही अंगांस २०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत चटईक्षेत्र देण्याची तरतूद २०१७ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. सुरतेतही मेट्रोच्या दुतर्फा उंच बांधण्याची मागणी वाढत जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. मेट्रोजवळ दाट वस्ती असावी हे तत्त्व म्हणून आम्हांसही मान्य आहे. माणसे जेथे असतील तेथेच गाडी भरते.

परंतु राज्य जेव्हा वाढीव चटईक्षेत्र विकते तेव्हा ते नेमके काय विकते याचा विचार व्हावा. ते आकाशातील पोकळी विकीत नाही. चारपट बांधकाम म्हणजे चारपट छप्पर नव्हे, पण चारपट यंत्रे, चारपट दिवे, चारपट ये-जा, चारपट सांडपाणी. हा बोजा विजेच्या जाळ्यावर, रस्त्यावर आणि मिठी खाडीसारख्या नाल्यांवर पडावयाचा आहे. आणि ती खाडी पावसाळ्यात फुगली म्हणजे पर्वत पाटिया व लिंबायत येथील रहिवाशांना घरात पाणी घेऊन बसावे लागते. म्हणून ज्याला वाढीव बांधकामाचा लाभ हवा त्याने त्याची किंमत दोन नाण्यांत चुकविली पाहिजे. पहिले नाणे रोकड रकमेचे, आणि ती रक्कम त्याच मार्गावरच्या वाहतुकीसाठी राखून ठेवलेली असावी. दुसरे नाणे शिस्तीचे, म्हणजे इमारत ऊर्जा संहितेप्रमाणे बांधल्याचा पुरावा. आज यांपैकी पहिले नाणे घेतले जाते, पण ते कोठे खर्च होते हे नागरिकांस दिसत नाही. दुसरे नाणे तर त्या किमतीत धरलेलेच नाही.

शेजारच्या महाराष्ट्राने वाहतुकीच्या पैशासाठी दुसरा मार्ग धरला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत खरेदीखतावरील मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार बसविण्यात आला. काही काळ स्थगित ठेवल्यावर १ एप्रिल २०२२ पासून त्याची आकारणी सुरू झाली. पैसा जमण्याच्या दृष्टीने हा उपाय सोपा खरा. पण त्यात एक अन्याय आहे. मेट्रोपासून चार कोस दूर दोन खोल्यांचे घर घेणारा कारकून आणि मेट्रोच्या जिन्याशी दुकान घेणारा व्यापारी यांना एकाच टक्क्याने मोजले जाते. लंडनने क्रॉसरेल बांधताना यापेक्षा सूक्ष्म दृष्टी दाखविली. २०१० पासून तेथील मोठ्या व्यापारी मालमत्तांवर पौंडामागे दोन पेन्सचा अधिभार बसविण्यात आला आणि लहान दुकानांना त्यातून वगळण्यात आले. हाँगकाँगच्या मेट्रो कंपनीने तर स्थानकांवरील व त्यांच्या भोवतालच्या इमारतींच्या मिळकतीतून रेल्वे उभारण्याची पद्धतच पाडली. इमारतींच्या ऊर्जेबाबत अमेरिकेतील कॅलिफोर्निया या राज्याने आपली मानके १९७८ साली, म्हणजे संगणकाचे नावही घरोघर पोहोचले नव्हते तेव्हा, लागू केली. देशाच्या राजधानीने सांगण्याची वाट पाहिली नाही. या उदाहरणांतून घ्यावयाचे ते एवढेच की, ज्याला लाभ त्याच्यावर भार हे तत्त्व राबविता येते, आणि ते राबविण्याचे धाडस राज्यपातळीवर होऊ शकते.

याला आक्षेप घेतले जातील, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहेत. बांधकाम व्यावसायिक म्हणतील की खर्च वाढला तर गाळा महागेल आणि लहान व्यापारी मरेल. खर्च काही प्रमाणात वाढेल हे खरे आहे. पण तो एकदाच वाढतो, आणि बिलातील बचत दरमहा होते. लहान व्यापाऱ्याचा कळवळा खरा असेल तर गाळा विकताना त्याला इमारतीच्या वीजखर्चाचा अंदाज लेखी द्यावा; पंखा घेतानाही आपण त्याच्यावरच्या चांदण्या पाहतो, मग आयुष्याची पुंजी ओतून घेतलेल्या गाळ्याबाबत अंधारात का राहावे? अधिकारी म्हणतील की तपासणीस माणसे नाहीत. हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण कायदा करून तपासणी न करणे हे कायदा न करण्यापेक्षाही वाईट. त्यामुळे प्रामाणिक मनुष्य भुर्दंड भरतो आणि लबाड मनुष्य प्रमाणपत्र विकत घेतो.

सुरतेने या गोष्टीची किंमत मोजलेली आहे. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातील तक्षशिला आर्केडला आग लागली आणि शिकवणीच्या वर्गातील २२ मुलामुलींचा बळी गेला. गुजरातेत आगप्रतिबंधक कायदा २०१३ सालीच झालेला होता. उणीव कायद्याची नव्हती, त्याच्या अंमलाची होती. पुढे २०२० च्या जानेवारीत कुंभारियाकडचे रघुवीर मार्केट पेटले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्सटाइल मार्केट भस्मसात झाले. आगीचा धोका ताबडतोब दिसतो, तरीही तपासणीत ही ढिलाई. मग जी उष्णता सावकाश माणसाला झिजविते आणि जे बिल गुपचूप संसार पोखरते, त्याची तपासणी आपोआप होईल असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

पण याच शहराची दुसरी बाजूही विसरता कामा नये. १९९४ च्या प्लेगने सुरतेची सर्वत्र नाचक्की झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत त्याच सुरतेने स्वच्छतेचा कित्ता देशापुढे ठेवला. पर्वत पाटियापासून जवळच असलेल्या अंजना येथील मलनिःसारण केंद्रात २००३ पासून सांडपाण्याच्या वायूवर वीज तयार करण्यात आली. पुढे महापालिकेने पोरबंदर जिल्ह्यात स्वतःच्या पवनचक्क्याही उभारल्या. जे शहर घाणीतून वीज काढू शकते, त्याला विटेच्या भिंतीतून जाणारी वीज वाचविणे अवघड जाऊ नये.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, राज्याने ऊर्जा संहिता शिफारस म्हणून न ठेवता विकास नियंत्रण नियमावलीचा बंधनकारक भाग करावी, वीजभार सबंध इमारतीचा धरावा आणि संहितेची पूर्तता झाल्याखेरीज वापर परवाना देऊ नये. तपासणी स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी आणि तिचा अहवाल इमारतीच्या दर्शनी भागी लावावा. दुसरी, मेट्रो व बीआरटीएसच्या पट्ट्यातील वाढीव चटईक्षेत्राचे शुल्क विधानसभेच्या कायद्याने स्थापन केलेल्या स्वतंत्र वाहतूक निधीत जमा करावे; सरकारी ठरावाने नव्हे, कारण ठराव एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो. निधीचा हिशेब दरवर्षी महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे यावा आणि त्यातील ठराविक वाटा पदपथ, बसगाड्या आणि मेट्रोस्थानकापर्यंत नेणाऱ्या लहान वाहनांवर खर्च व्हावा, कारण हमाल आणि विणकर मेट्रोच्या जिन्यापर्यंत पायीच पोहोचणार आहेत. तिसरी, जुन्या मार्केटांना दंडाने न छळता गच्चीवरील उष्णतारोधक थर, छज्जे आणि चांगले दिवे यांसाठी हप्त्याने कर्ज द्यावे. राज्य ऊर्जा संवर्धन निधी स्थापण्याची तरतूद २००१ च्या कायद्यातच आहे, तो अशाच कामी यावा.

राज्यकर्त्यांस पूल बांधणे आवडते, कारण पुलावर कोनशिला बसते. भिंतीतल्या उष्णतारोधक थरावर कोनशिला बसत नाही आणि वाचलेल्या युनिटाचे उद्घाटन होत नाही. म्हणून असल्या कायद्यांसाठी लोकांनीच आग्रह धरावा लागतो. पर्वत पाटियाच्या गाळेधारकांनी आपल्या मंडळांतून, लिंबायत-गोडादऱ्याच्या मराठी रहिवाशांनी आपल्या नगरसेवकांकडून आणि सुरतेच्या आमदारांनी विधानसभेच्या व्यासपीठावरून ही मागणी लावून धरावी, असे आम्हांस वाटते. मेट्रोच्या दुतर्फा ज्या इमारती आता उभ्या राहतील त्या पुढची पन्नास-साठ वर्षे हलणार नाहीत. त्यांच्या पायात जी चूक पुरली जाईल ती नातवंडांना बिलाच्या रूपाने दरमहा भेटत राहील. नकाशावर सही होण्यापूर्वीच तिला अटकाव करणे सोपे आहे, आणि स्वस्तही.